कार्ल्याला आधी कोण, एकविरा आई की लेणी? आणि दुसरा सिंहस्तंभ गेला कुठे?

उरणचा_पोरगा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. आम्ही आगरी, कुलदैवत कार्ल्याची एकविरा आई. लहानपणापासून चैत्रात नाहीतर नवरात्रात जाणं ठरलेलंच, दर्शन, ओटी, मानाचं जे काय असेल ते आणि खाली उतरून जेवण. देवळाला अगदी लागून ती मोठी लेणी आहे पण आमच्यात कोणी आत नीट बघत नाही. पोरं आवाज घुमतो का बघतात, दोन फोटो काढतात, की चला.

यंदा भाच्याचं जावळ काढायला गेलेलो तेव्हा दर्शनाची लाईन लांबलचक होती म्हणून मी आत जाऊन बसलो. आत पांढऱ्या कपड्यातली काही माणसं स्तूपासमोर बसून वंदना म्हणत होती आणि बाहेर आईचा उदो उदो आणि ढोल, दोन्ही एकाच वेळी कानावर येत होतं आणि कुणाला कुणाचा त्रास होत नव्हता. मला ते फार आवडलं. मी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथे जे सुरू झालं ते विचारू नका. काका म्हणतात सगळं पांडवांनी वनवासात एका रात्रीत कोरलं. ऑफिसातला मित्र म्हणतो अख्खा डोंगर बौद्धांचा, एक सिंहाचा खांब पाडून त्या जागी देऊळ घुसवलं. मावसभाऊ म्हणतो देवी मुळापासून तिथलीच, भिक्षू नंतर आले. तिघांनाही शंभर टक्के खात्री.

मला भांडणात पडायचं नाही, पण आपल्याच कुलदैवताच्या जागेबद्दल आपल्याला काही माहीत नाही याचं वाईट वाटलं. नक्की काय काय कधी झालं, पुरावा कशाचा आहे, आणि पुढच्या वेळी गेलो की काय बघू, कोणी नीट सांगेल का? लांबलचक लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

लेणीभटक्या

लांबलचकच लिहितो मग. मी ब्राह्मी लिपी शिकलोय आणि कार्ले माझं सगळ्यात आवडतं ठिकाण आहे, त्यामुळे हात आवरणार नाही.

पहिली गोष्ट, कार्ल्याला अंदाज कमी करावे लागतात कारण दगडावर लिहूनच ठेवलंय. लेणी खोदली त्या लोकांनी कोणी काय दिलं ते खांबाखांबावर कोरलंय. सेनार नावाच्या फ्रेंच विद्वानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे लेख एकत्र छापले. त्यातून समजतं की या जागेचं तेव्हाचं नाव वलूरक. डोंगरात एकूण १६ लेणी आहेत, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून खोदकाम सुरू झालं आणि ज्यात तू बसला होतास ते मोठं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) म्हणजे लेणे क्रमांक ८, इसवीसनाच्या पहिल्या शतकातलं. सुमारे १२४ फूट लांब आणि साधारण ४५ फूट उंच, भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सगळ्यात मोठं. व्हरांड्यात डाव्या टोकाला एक ओळ आहे, ती जशीच्या तशी देतो: 'वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदिपम्हि उतमं'. म्हणजे वैजयंतीच्या भूतपाल शेठने जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह पूर्ण केलं. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. एवढ्या लांबचा व्यापारी इथे मावळात येऊन छाती पुढे काढून सांगतोय की अख्ख्या देशात असं दुसरं नाही, आणि आत उभं राहिलं की वाटतं बरोबर बोलला.

पण एकट्या शेठजीचं काम नव्हतं ते. आत ३७ खांब आहेत, दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा आणि स्तूपामागे सात साधे, त्यातल्या बऱ्याच खांबांवर देणाऱ्याचं नाव आहे. धेनुकाकट गावच्या लोकांची नावं पुन्हा पुन्हा येतात आणि त्यातले कित्येक स्वतःला यवन म्हणवतात, म्हणजे ग्रीक नाहीतर पश्चिमेकडून आलेले. नावं मात्र सिंहधय, धम्म अशी इथलीच. दरवाजा दिलाय सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे अत्तर सुगंधी विकणाऱ्याने. दुसरीकडे सामी नावाच्या सुताराने दाराचं काम आपण केलं म्हणून बापाच्या नावासकट लिहून ठेवलंय. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला, तिचं दान आहे. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूने दिलेल्या खांबात तर पवित्र अवशेष ठेवायची जागा केलेली आहे. म्हणजे सोपारा, धेनुकाकट, बनवासी, सगळीकडून माणसं आणि पैसा बोरघाटाच्या वाटेने इथे येत होता. ही लेणी व्यापारी रस्त्यावरची आहे हे लक्षात घेतलं तर पुढचं सगळं समजतं.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. दोन धर्म एकाच जागी ही काही अलीकडची गोष्ट आहे असं समजू नकोस. मधल्या दाराच्या उजवीकडे वर एक लेख आहे उषवदाताचा. हा नहपान नावाच्या शक राजाचा (क्षत्रपाचा) जावई. आधी स्वतःची ओळख सांगतो: तीन लाख गाई दिल्या, बनासा नदीवर तीर्थ बांधलं, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, प्रभास तीर्थावर ब्राह्मणांची लग्नं लावून दिली, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवू घातलं. एवढं सगळं सांगून झाल्यावर पुढच्या ओळीत म्हणतो की वलूरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांहून येणाऱ्या संघाला, वर्षावासाला (पावसाळाभर एका जागी) राहणाऱ्या सर्वांच्या पोटापाण्यासाठी करजिक गाव दिलं. बौद्ध चैत्यगृहाच्या दारावर ब्राह्मणांना दिलेल्या दानांची यादी, आणि भिक्षूंनी ती कोरू दिली! मला वाटतं तुझ्या फॅमिली ग्रुपवर बाकी काही न टाकता एवढाच लेख टाकावा.

पुढची गंमत अशी की सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या हजारो चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलाय. राज्य बदललं, नाणी बदलली, पण कार्ल्याला सातवाहनांचा हुकूम कोरलेला आहे की तेच करजिक गाव याच भिक्षूंना दिलं जातंय. राजा कोण हे बदललं तरी डोंगरावरच्या भिक्षूंचं अन्न तोडलं नाही. त्यांच्याच घराण्यातला राजा पुळुमावि, त्याच्या राज्याच्या २४व्या वर्षी हरफरण नावाचा अबुलामा गावचा माणूस नऊ खोल्यांचा मंडप देतो. त्याच्या बापाचं नाव सेतफरण, दोन्ही नावं इराणी वळणाची.

दुसरा थर बौद्धांतलाच. मूळ चैत्यगृह खोदलं तेव्हा बुद्धाची मूर्ती कोरायची पद्धत नव्हती, पूजा स्तूपाची. दर्शनी भिंतीवर ज्या स्त्रीपुरुषांच्या सुंदर जोड्या आहेत त्या त्या काळातल्या, आणि त्यातल्या मिथुनाचं दान एका भिक्षूच्या नावावर आहे, भदसम त्याचं नाव. त्यांच्या मधेमधे जे बसलेले उभे बुद्ध दिसतात ते चारेकशे वर्षांनी, पाचव्या सहाव्या शतकात, महायान पंथाच्या लोकांनी कोरले आणि त्यासाठी जुनी दगडी वेदिका तासून जागा केली. जवळ जाऊन बघ, कठड्याची नक्षी मधेच तुटते आणि तिथून बुद्ध सुरू होतात. म्हणजे आधीचं थोडं खोडून नंतरचं लिहिणं हे एकाच धर्मातसुद्धा झालंय.

सिंहस्तंभ. डावीकडे उभा आहे तो सोळा बाजूंचा खांब, वर चार सिंह. 'महारठिस गोतिपुत्रस अगिमित्रणकस सिहथभो दानं', महारठी (मोठा सरदार) अग्निमित्रणकाचं दान. उजवीकडे त्याच्या जोडीचा असावा असं एकोणिसाव्या शतकातल्या फर्ग्युसन या ब्रिटिश अभ्यासकापासून सगळे मानतात, आणि त्या बाजूला आज देऊळ आहे. पण फर्ग्युसनने लिहिताना दोन्ही शक्यता ठेवल्या होत्या, एकतर खांब पडला असेल नाहीतर देवळासाठी काढला असेल. तुझा मित्र त्यातली एकच उचलून छातीठोक सांगतोय. छापलेल्या लेखांत खांब पाडल्याचा उल्लेख कुठेही नाही.

वेसाव्याची_लेक

भाऊ, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि घरात मोठ्याने वाचूनही दाखवलं. मी कोळीवाड्यातली, आमची पालखी चैत्रात चालत जाते त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

लेण्यांचे लेख तुम्ही सांगितले, मी माणसांचं सांगते. ज्यांना वाटतं आमच्या लोकांना लेणीचं काही पडलेलं नाही त्यांनी आमच्या म्हाताऱ्या बघितल्या नाहीत. माझी आजी आधी आईचं दर्शन घ्यायची आणि मग आम्हाला ओढत आत न्यायची, चपला बाहेर, डोक्यावर पदर, आणि त्या मोठ्या घुमटाला प्रदक्षिणा घालायला लावायची. ती त्याला धर्मराजाचं सिंहासन म्हणायची. कोणता धर्मराजा असं विचारलं तर म्हणायची पांडवातला थोरला, दुसरा कोण. मोठी झाल्यावर कळलं की स्तूप म्हणजे काय. पण मला अजून वाटतं की तिने काही चुकीचं केलं नाही, स्तूपाला प्रदक्षिणाच घालायची असते आणि तीच ती घालत होती, कुणी न शिकवता, तिच्या आईने तिला शिकवलं म्हणून.

पांडवांची गोष्ट आमच्यात अशी सांगतात. वनवासात असताना पांडव त्या डोंगरावर आले, आईने प्रसन्न होऊन सांगितलं की माझं देऊळ बांधा पण एका रात्रीत झालं पाहिजे, त्यांनी बांधलं, आणि आईने वर दिला की अज्ञातवासात तुम्हाला कोणी ओळखणार नाही. आता ही गोष्ट इतिहास नाही हे मलाही समजतं. पण जेव्हा लेणी रिकामी पडली आणि ती अक्षरं वाचणारं कुणी उरलं नाही, तेव्हा एवढा डोंगर पोखरून एवढं मोठं काम माणसाने केलं असेल हे लोकांना पटेना म्हणून पांडव आले असणार. महाराष्ट्रात जिथे जावं तिथे पांडवलेणीच आहे ना. नितेशचे काका खोटं बोलत नाहीत, त्यांना जे आजोबांनी सांगितलं ते ते सांगतात, त्यांना जरा मायेने सांगा. (नितेश म्हटलं कारण तू मागे एका धाग्यात सही केली होतीस.)

आणि एक, आईचं माहेर देवघर. खाली गावात आहे, तिथे तिचा भाऊ काळभैरवनाथ. चैत्र शुद्ध षष्ठीला तिथली पालखी, सप्तमीला गडावर आईची पालखी, अष्टमीला पहाटे तेलवण. ज्यांनी सप्तमीची रात्र वर काढली नाही त्यांना मी शब्दात सांगू शकत नाही. मुंबई, ठाणे, रायगड, पालघर, सगळीकडचे कोळी आगरी, सीकेपी मंडळी, कुणबी, वर उभं राहायला जागा नसते. आईच्या शेजारी जोगेश्वरी आहे तिलाही ओटी भरायला विसरू नका, बरेच जण घाईत विसरतात.

धम्मपथिक

लेणीभटक्या सर, साधुवाद. ताई, तुमच्या आजीची गोष्ट वाचून खरंच भरून आलं.

मी बौद्ध, पिंपरीचा. आमच्यासाठी कार्ले आणि जवळची भाजे, बेडसे ही लेणी पिकनिकची ठिकाणं नाहीत. बाबासाहेबांनी १९५४ साली डिसेंबरमध्ये देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, आणि तिथून कार्ले काही फार लांब नाही. या पट्ट्यातल्या आमच्या घरांत लहानपणापासून देहूरोडला जायचं आणि पुढे लेण्यांना जायचं ही पद्धत आहे. उरणच्या भावाने जो वंदना म्हणणारा ग्रुप पाहिला तसे ग्रुप दर रविवारी असतात.

माझं म्हणणं थोडं परखड आहे पण रागाने नाही. सगळे मिळून राहतात हे खरं, ऐकायला छान वाटतं, पण मिळून राहण्यात एकाच बाजूची ओळख पुसली जात असेल तर ते सांगायला हवं. वर जाणाऱ्या रस्त्यावर, दुकानांवर, रिक्षावाल्यांच्या तोंडी सगळीकडे फक्त देवीचं नाव. हजारो लोक स्तूपासमोर उभे राहतात आणि त्यांना हा स्तूप आहे हे माहीत नसतं. मी स्वतः पाहिलंय, लोक स्तूपावर नाणी फेकतात आणि अडकलं की टाळ्या वाजवतात. दोन हजार वर्षांचा दगड आहे तो! वरच्या लाकडी छत्राकडे बघा, स्तूपावरचं ते छत्र आणि छताच्या लाकडी कमानी मूळच्या आहेत, इतकं जुनं लाकूड जागेवर टिकलेलं आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी आहे. बेडशाच्या चैत्यात आज तशा कमानी बघायला मिळत नाहीत. कार्ल्याला त्या वाचल्या हे आपलं नशीब, आणि खालून नाणी, फटाक्यांचा धूर, गुलाल.

देऊळ हटवा असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. आई तिथे आहे, तिचे लोक तिथे आहेत, तो त्यांचा हक्क. माझी मागणी एवढीच की गाभाऱ्यात जितक्या आदराने पाय ठेवता तितक्याच आदराने चैत्यात ठेवा, आणि पोरांना सांगा की हे बुद्धाचं आहे. नाव घ्यायला काही लागत नाही.

उरणचा_पोरगा

धम्मपथिक दादा, हे आमच्या ग्रुपवर शब्द न शब्द टाकतो, तुमची परवानगी असेल तर. नाणी फेकणाऱ्यांत आमचीच पोरं असतात, यापुढे असणार नाहीत ही जबाबदारी माझी.

ताई, जोगेश्वरीची ओटी आई भरते, मी विचारून घेतलं.

लेणीभटक्या सर, एक राहिलं. मावसभावाचा मुद्दा, देवी लेणीच्या आधीपासून होती हा. तो नुसता श्रद्धेचा आहे का त्याला काही आधार आहे? आणि असं दोन धर्मांचं एकावर एक अजून कुठे आहे का आपल्याकडे?

लेणीभटक्या

मावसभावाच्या मुद्द्याला आधार आहे, आणि तो कोणाकडून आलाय ते ऐकून त्यालाच बरं वाटेल. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, गणितज्ञ आणि इतिहासकार, वडील धर्मानंद पालीचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. म्हणजे बुद्धाबद्दल आकस असायचं कारणच नाही असा माणूस. ते पुण्याहून येऊन या सगळ्या डोंगरांतून पायी हिंडले, कार्ल्याला आधी कोणी न पाहिलेले लेखही त्यांनी शोधले. त्यांनी असं मांडलं की पश्चिम घाटात लेणी जिथे आहेत तिथे जवळपास जुन्या देवीची ठाणी सापडतात, बारीक गारगोटीची हत्यारं सापडतात, आणि ही ठाणी जुन्या पायवाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे असतात. गुराखी, भटके लोक त्या वाटांनी ये-जा करायचे, त्यांच्या देव्या तिथे, मग व्यापाऱ्यांचे तांडे त्याच वाटांनी जाऊ लागले, आणि भिक्षूही त्याच वर्दळीच्या जागी येऊन राहिले. पुढे व्यापार आटला, विहार ओस पडले, आणि देवी पुन्हा वर आली. हे अनुमान आहे, लेखासारखा पक्का पुरावा नाही, पण चालून, बघून, हातात दगड घेऊन केलेलं अनुमान आहे.

त्यामुळे 'आधी कोण' या प्रश्नाचं उत्तर तू काय विचारतोस त्यावर ठरतं. बांधकाम विचारशील तर चैत्यगृह आधीचं, यात वादच नाही, आज दिसतं ते देऊळ त्याच्या कित्येक शतकं नंतरचं आहे. जागेचं पावित्र्य विचारशील तर देवीचा मान लेणीच्याही आधीचा असू शकतो. मित्र आणि मावसभाऊ दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत आणि एकमेकांना खोटं ठरवतायत.

ताईंनी देवघर म्हटलं आणि मी खुर्चीतच उठून बसलो. लेखांतलं ते धेनुकाकट, यवनांचं गाव, ते कुठलं यावर शंभर वर्षं वाद आहे. कोणी डहाणू म्हणतं, कोणी आंध्रातलं धान्यकटक. आणि कोसंबींनी कुठलं म्हटलं? हेच देवघर, लेणीखालचं! सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण विचार करा, ज्या गावच्या लोकांनी चैत्याचे इतके खांब दिले ते गाव जर खरंच देवघर असेल, तर आईचं माहेर आणि चैत्याच्या दात्यांचं गाव एकच. षष्ठीची पालखी बघायला मला आता यावंच लागेल, ताई.

दुसरीकडचं विचारलंस तर लेण्याद्री बघ. अष्टविनायकातला गिरिजात्मज ज्यात बसलाय तो बौद्ध भिक्षूंचा मोठा विहार आहे, लेणे क्रमांक ७. मागच्या भिंतीतल्या दोन खोल्या एक करून गणपतीचा गाभारा केलाय, बाजूच्या खोल्या अजून भिक्षूंच्या झोपायच्या ओट्यांसकट आहेत. शेजारच्या चैत्यगृहावर कल्याणच्या सुलसदत्ताचं नाव कोरलंय, हेरणिकाचा मुलगा. लाखो लोक गणपतीला जातात, त्या नावाखालून चालत जातात. नाशिकच्या त्रिरश्मीला बौद्ध लेण्यांच्या रांगेत जैन मूर्तीही आहेत. पण कार्ल्यासारखं दोन्हीकडे एकाच वेळी पूजा चालू आहे, दोन दारं हाताच्या अंतरावर, असं मी तरी फार कमी ठिकाणी पाहिलं.

मावळगडी

मी मळवलीचा. चर्चा छान झाली, दोन कामाच्या गोष्टी सांगतो. लेणी बघायचीच असेल तर चैत्र, नवरात्र, रविवार आणि मंगळवार सोडून या, नाहीतर धक्क्यातच निम्मा वेळ जातो. चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे त्यामुळे दुपार कलल्यावर ऊन आत शिरतं आणि खांबांच्या माथ्यावरचे गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली माणसं तेव्हा नीट दिसतात. सकाळी आत काळोखच. खांबांच्या मागच्या अंगालाही बघा, बाजूच्या अरुंद वाटेने गेलात की तिकडे घोड्यांवरचे स्वार आहेत, ते बहुतेकांना माहीतच नसतात.

व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना तीन तीन हत्ती आहेत, त्यातल्या एका बाजूच्यांचं दान भदंत इंद्रदेव नावाच्या थेरांचं (ज्येष्ठ भिक्षूंचं), लेख तिथेच आहे. पोरं त्या हत्तींच्या सोंडेला लोंबकळतात, त्यांना उतरवा.

उरणचा_पोरगा

दादा खूप आभार. दिवाळीनंतर आठवड्यात मधल्या दिवशी घरच्या सगळ्यांना घेऊन यायचं ठरतंय, काकाही तयार झालेत. भूतपालाची ओळ वाचायची आहे, नक्की कुठे उभं राहायचं? आणि मला ब्राह्मी येत नाही, ओळखू कशी?

लेणीभटक्या

व्हरांड्यात शिरलास की डाव्या हाताच्या टोकाला जा, हत्ती आहेत तिकडे, आणि भिंतीवर बघ. अक्षरं मोठी आणि खोल आहेत. बेरजेच्या चिन्हासारखं दिसतं ते 'क', उलट्या व्ही सारखं टोकदार ते 'ग', इंग्रजी आठच्या आकड्याला वरून कापलं तर जसं होईल तसं 'म'. एवढ्यावर 'उतमं' हा शेवटचा शब्द तरी तुला सापडेल. टॉर्च ने, तो समोरून न मारता बाजूने तिरका धर, म्हणजे सावली पडते आणि खोदलेली रेघ वर येते. अक्षरांत खडू, हळद, पाणी काही भरू नको, कोणी भरत असेल तर पुरातत्त्व खात्याचा माणूस तिथे असतो त्याला सांग. त्यानंतर सिंहस्तंभाचा लेख बघायला बाहेर ये, तो जास्त सोपा आहे, 'सिहथभो' मी ओळखायला शिकलो तो तिथेच. यायच्या आधी इथे कळव, मला सुट्टी मिळाली तर मीही येतो, काकांना उषवदाताचा लेख मी वाचून दाखवेन.

वेसाव्याची_लेक

मलाही कळव रे. आमच्याकडून दोन म्हाताऱ्या येतील, त्यांना ब्राह्मी नको पण धर्मराजाच्या सिंहासनाबद्दल धम्मपथिक दादांकडून ऐकायचंय.

धम्मपथिक

येतो ताई. आजींना घेऊन या, प्रदक्षिणा आपण बरोबरच घालू.